भूत कोणाचं, घर कोणाचं? ‘रात्रीस खेळ चाले’चा पहिला भाग आणि आपली मतं

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. हे ध्वनिमुद्रण नंतर ऐकणाऱ्यांसाठी एवढं सांगून ठेवतो, की आम्ही आरोंद्यात बोलतोय. सावंतवाडी तालुक्याचं हे दक्षिणेकडचं टोक. खाली तेरेखोलची खाडी, आणि किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा. मधेच मोटारसायकल गेली किंवा कुत्रं भुंकलं तर ते व्याख्यानाचा भाग समजावं.

विषय आहे एका मालिकेचा एक भाग आणि त्यावरची प्रेक्षकांची मतं. मालिका ‘रात्रीस खेळ चाले’, वाहिनी झी मराठी, आणि भाग अगदी पहिला, 22 फेब्रुवारी 2016 चा. इतक्या वर्षांनी हे उकरायचं कशाला, असं काही जणांनी फोनवर विचारलंच. कारण सरळ आहे. त्या वेळी आम्ही, म्हणजे आमच्या वाचनाच्या बैठकीला जमणारे सातआठ जण, एक निवेदन लिहायला बसलो होतो. ‘सदर मालिकेमुळे कोकणाची बदनामी होत असून’ अशी त्याची सुरुवात. निवेदन छान झालं होतं. फक्त लिहिणाऱ्यांपैकी तिघांनी तो भाग पाहिलाच नव्हता, आणि दोघांनी जेवताना अर्धा पाहिला होता. (हशा) हसताय, पण तुमच्यातलेही काही सही करायला आले होते.

ते निवेदन पाठवलं गेलं नाही. कागद मात्र राहिला. अलीकडे तो पुन्हा वाचला आणि मग तो भागही नीट, सलग पाहिला. आजचं बोलणं त्या दोन्हींबद्दल आहे.

आधी नावाचं सांगू. ‘रात्रीस खेळ चाले’ हे शब्द आले 1976 च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातल्या गाण्यावरून. मुंबई-पुण्याच्या माणसाला त्या नावानं ते गाणं आठवतं. आपल्याला काय आठवतं? दशावतार. आपल्याकडे रात्रीचा खेळ म्हणजे देवळासमोर पहाटेपर्यंत चालणारा खेळ. मोचेमाडकर, पार्सेकर, चेंदवणकर, कुठल्याही कंपनीचा. त्यात संकासुर येतो, पोरं आईच्या पदरात शिरतात आणि दोन मिनिटांत त्याच संकासुराला हसतात. म्हणजे रात्री जमून घाबरणं आणि त्या घाबरण्याची मजा घेणं हे आपल्याला मालिकेनं शिकवलेलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तो भाग. अण्णा नाईक गेले, या बातमीभोवती मालिका उभी राहते. घरात माई आहेत, दत्ता आणि त्याची बायको सरिता आहे, विसरभोळा पांडू आहे. थोरला माधव आणि त्याची बायको नीलिमा मुंबईची. माणसं गोळा होतात, वाडा गप्प असतो, कोणी पुरतं बोलत नाही. एका मृत्यूनं घर भरतं आणि भरलेलं घर जास्त भयाण वाटतं. रहस्यमालिकेची याहून चांगली सुरुवात मराठी दूरदर्शनवर आम्ही फारशी पाहिलेली नाही. हे आज म्हणतोय. तेव्हा म्हटलं नव्हतं.

मग आक्षेप काय होते? मालिका सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत जिल्ह्यातून विरोधाचे सूर उठले. कोकण म्हणजे भुताटकी, करणी, देवदेवस्की असं चित्र उभं राहतं, अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, पर्यटक घाबरतील. हे शेवटचं तर अगदीच फसलं. चित्रीकरण झालं तो आकेरीचा वाडा बघायला पर्यटकांची रांग लागली. सावंतवाडी-कुडाळ रस्त्यानं जाताना लोक गाडी थांबवून ‘अण्णा नाईकांचा वाडा खंय?’ विचारू लागले. आकेरीचं रामेश्वराचं देऊळ किती जुनं, किती देखणं, ते राहिलं बाजूला. बदनामी झाली म्हणणाऱ्यांतलेच काही पाहुण्यांना घेऊन वाड्यासमोर फोटो काढायला गेले. आम्हीही गेलो. लपवत नाही.

अंधश्रद्धेच्या आक्षेपात एक जण कायदाच घेऊन आले होते. डॉ. दाभोलकरांचा खून ऑगस्ट 2013 मध्ये झाला, त्यानंतर डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. पण त्याची अनुसूची वाचा. भूत उतरवतो म्हणून माणसाला दोरखंडानं बांधणं, मारणं, चटके देणं, असल्या कृत्यांसाठी आणि त्यांच्या प्रचारासाठी तो आहे. भुताची गोष्ट सांगणं हा गुन्हा नाही. तसा असता तर आपल्या प्रत्येकाच्या आजीला जामीन घ्यावा लागला असता. मालिकेवर टीका करायची तर कायदा हाताशी धरून होणार नाही, गोष्ट हाताशी धरूनच करावी लागेल.

भाषेबद्दलचं मत मात्र आम्ही अजून गंभीरपणे घेतो. ‘असा कोण बोलता?’ हे त्या दिवसांत सगळीकडून ऐकू आलं. बरोबर आहे. मालिकेतली मालवणी मुंबईच्या प्रेक्षकाला कळावी म्हणून चाळून घेतलेली. आणि आमच्या आरोंद्याचं बोलणं तर मालवणपेक्षा पेडण्याला जवळचं, त्यामुळे आम्हाला ती अर्धी परकीच. तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. 1980 साली ‘वस्त्रहरण’ आलं, मच्छिंद्र कांबळींनी मालवणी जगभर नेली, गवाणकरांचे आपल्यावर उपकारच. पण त्यानंतर मालवणी म्हणजे हसायची भाषा हे ठरूनच गेलं. मुंबईतल्या नाटकात मालवणी माणूस आला की विंगेतूनच हशा सुरू. या मालिकेत पांडूच्या ‘इसारलंय’वर लोक हसले, खरं. पण माईंचं बोलणं ऐका. नवरा गेलाय, आणि ती बाई मालवणीत दुःख करते आहे, आणि महाराष्ट्रातलं कोणी हसत नाही. रोज रात्री, लाखो घरांत. भाषेसाठी ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या निवेदनात ‘बोलीची विटंबना’ असं एक कलम होतं. ते आम्ही आज मागे घेतो.

आता मुख्य मुद्द्याकडे. तो निवेदनात नव्हताच.

नीलिमा आठवते ना? शिकलेली, विज्ञान मानणारी, प्रत्येक गोष्टीला कारण विचारणारी सून. मालिकेच्या बाजूनं बोलणारे तेव्हा म्हणायचे, बघा, अंधश्रद्धेला उत्तर देणारं पात्र ठेवलंय, समतोल साधलाय. आणि गंमत बघा, प्रेक्षकांना तीच नावडती! कोरडी, शिष्ट, सासरच्यांना कमी लेखणारी. आमच्या घरीही टीव्हीसमोर सगळे तिच्यावर करवादायचे. आम्हाला वाटतं, दोष पात्राचा नाही, ते कुठून येतं त्याचा आहे. पहिल्या भागापासून वाटणी ठरली आहे: शंका मुंबईहून गाडीनं येणार आणि भीती गावात आधीपासून बसलेली असणार. प्रश्न विचारणारी बाहेरची, थरथरणारे सगळे इथले. बदनामी म्हणायचीच तर ती इथे आहे. भूत दाखवलं म्हणून नव्हे. गावात शंका घेणारा माणूसच दाखवला नाही म्हणून.

अहो, आपल्या गावात काय शंकेखोर माणसं कमी आहेत? आमची एक चुलत आजी होती. रात्री विहिरीवर पांढरी साडी दिसली म्हणून वाडीत बोभाटा झाला. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘भूत बीत काय नाय. थंयची जमीन कोणाक तरी होयी आसा.’ शाळेत एक दिवस गेली नव्हती ती. आणि या खाडीकाठच्या जुन्या माणसांना विचारा. 1961 पर्यंत पलीकडे पोर्तुगीज होते, रात्री काठावरून काय काय जा-ये करायचं. त्या काळात अमुक वळणावर देवचार आहे, तमुक वडाखाली रात्री जाऊ नये, या गोष्टी कोणाच्या सोयीच्या होत्या, हे आमच्या आजोबांच्या पिढीला चांगलं ठाऊक होतं. तरी तीच माणसं राखणदाराला नारळ देत होती. दोन्ही एकाच डोक्यात. कौल लावायचा आणि गुरवाकडे संशयानं बघायचं, हे आपण एकाच सकाळी करतो.

खानोलकरांना हे कळलं होतं. त्यांच्या कोकणात काळोख काय कमी आहे? ‘कोंडुरा’ वाचा. कोंडुरा हे ठिकाण वेंगुर्ल्याच्या बाजूला आहे, जाऊन बघता येतं. त्या कादंबरीत श्रद्धा आणि शंका एकाच माणसाला पोखरतात. तिथे शंका घ्यायला मुंबईहून कोणाला बोलवावं लागत नाही. पलीकडे आरवलीचे जयवंत दळवी. त्यांनी ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये गावचे एकेक नग उभे केले, आपणच ते हसत हसत वाचतो. कोणी बदनामी म्हणत नाही, कारण त्यातली माणसं आपल्यासारखी चालू आहेत. (हशा) मालिकेतल्या गावकऱ्यांना लेखकांनी तेवढं चालू व्हायला दिलं नाही.

आणि एवढं असूनही तो पहिला भाग आम्हाला सोडवत नाही. कारण भुताच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज त्यात आहे. बाप गेला, मुलगे जमले. आता घर कोणाचं? जो राबला त्याचं, की जो शिकून बाहेर गेला त्याचं? मुलीचं काय? मालिका पुढे मालमत्तेच्या प्रश्नावर आली तेव्हा पुष्कळांना वाटलं रहस्य सोडून हे काय भलतंच. आम्हाला उलट वाटतं. रहस्य तेच होतं. या रस्त्यानं देवळापासून खाडीपर्यंत चालत जा आणि कुलपं मोजा. आत गणपतीपुरती उजळणारी घरं. सातबारा काढला तर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत, उरलेली एकमेकांशी बोलत नाहीत. कौल शाकारायचा खर्च कोणी करायचा यावरून भिंत खचते. असं घर रात्री आवाज करणारच. वाश्याला वाळवी लागली की तो करकरतो, त्याला आत्मा लागत नाही.

दुसऱ्या पर्वाबद्दल विचारणार हे माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जानेवारी 2019 मध्ये ते सुरू झालं, गोष्ट मागे गेली, अण्णा जिवंत झाले, माधव अभ्यंकरांनी अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांनी शेवंता गाजवली. अभिनय उत्तम. पण घराचा प्रश्न बाजूला पडून प्रकरण एका पुरुषाच्या हव्यासाचं झालं, आणि लोकांना ते जास्त आवडलं. आम्हाला कमी. 2021 च्या तिसऱ्या पर्वाबद्दल बोलायला आमच्याकडे खास काही नाही.

तर तो कागद. निवेदन. आमच्यातल्या एकानं तेव्हा सही करायला नकार दिला होता, आणि आम्ही सगळे त्याच्यावर रागावलो होतो. तो म्हणाला होता, ‘माझ्याच घरात तीन वर्षां वाटणीचा भांडण चालू आसा. मी कोणाक सांगू बदनामी झाली म्हणान?’ आम्हाला तेव्हा ते विषयांतर वाटलं. त्याचं घर आता बंद आहे. तो पलीकडे गोव्यात भाड्यानं राहतो, आणि ह्या बैठकीला पूल ओलांडून येतो. आज आलाय, खांबाला टेकून बसलाय, आणि नाव घेऊ नका म्हणून खुणा करतोय. नाही घेत.

निवेदन पुन्हा लिहायचं तर आम्ही त्यातलं भुताचं कलम काढू, बोलीचं काढू, पर्यटनाचं तर काढूच. एक मागणी घालू: पुढच्या वेळी नाईकांच्या वाड्यात एक म्हातारी ठेवा. इथलीच, न शिकलेली, कशालाही न घाबरणारी. सगळे विहिरीकडे बघत असताना ती तलाठ्याकडे बघत असेल.

आता तुमची मतं. मागे काकींनी केव्हापासून हात वर केलाय. बोला काकी, माईक घ्या. आणि मालवणीतच बोला.