बहुप्रणाली लिनक्स संगणकासाठी बूट-पद्धतीची निवड : एक चिकित्सा

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्सच्या दोन-तीन वितरणांना शेजारी नांदवायचे, तर पहिला निर्णय बूट-पद्धतीचा असतो : जुनी बायोस की यूईएफआय? हा प्रश्न बहुधा ‘जुने विरुद्ध नवे’ असा मांडला जातो. ही मांडणी अपुरी आहे. खरा प्रश्न सहअस्तित्वाचा आहे आणि त्याच निकषावर दोन्ही पद्धतींची चिकित्सा येथे केली आहे.

बायोसची परंपरा १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनची. तिच्या प्रचलित रचनेत डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर निर्णायक ठरतो. त्यातील ४४६ बाइट बूट-संकेतासाठी असतात, तर ६४ बाइटांच्या तक्त्यात चारच मुख्य विभाग नोंदवता येतात. मात्र जागेच्या टंचाईपेक्षा एकाधिकार हा अधिक गंभीर दोष होय. पहिला सेक्टर एकच असल्याने शेवटी बसवलेली प्रणाली सर्वसाधारणपणे आधीचा बूट-संकेत पुसून टाकते. विंडोज पुन्हा बसवल्यावर लिनक्स ‘नाहीसे’ होते ते यामुळे. त्याची माहिती शाबूत असते, वाट तेवढी बुजलेली असते.

यूईएफआयचा विकास २००५ पासून यूईएफआय फोरमकडे आहे. या पद्धतीत एका सामाईक विभागात प्रत्येक प्रणालीला स्वतंत्र फोल्डर मिळते आणि बूटचा क्रम मदरबोर्डवरील स्मृतीत नोंदवला जातो. येथे सहअस्तित्व रचनेतच अभिप्रेत आहे. तथापि ते निर्दोष नाही. उबुंटूच्या दोन आवृत्त्या एकाच डिस्कवर बसवल्यास दोन्हींच्या फोल्डरचे नाव एकच असते आणि नंतरची आवृत्ती आधीचीवर कुरघोडी करते.

याहून मूलगामी आक्षेप ‘सिक्युअर बूट’विषयी आहे. बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या आधीच बसवलेल्या असतात. म्हणून अनेक लिनक्स वितरणे तिची स्वाक्षरी असलेल्या ‘शिम’ या मध्यस्थामार्फत सुरू होतात. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अद्यतनाने जुने शिम अमान्य ठरवले आणि काही दुहेरी संगणकांवरील लिनक्स सुरू होईनासे झाले. सेक्टरवरचा एकाधिकार गेला, तो किल्लीच्या रूपाने परतला, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे ठरत नाही.

तरीही या आक्षेपावरून बायोसकडे परतणे तर्कसंगत नाही. बहुतेक पीसींवर सिक्युअर बूट बंद करता येते, अनेकांवर स्वतःच्या किल्ल्याही नोंदवता येतात. यूईएफआय निवडूनही हा अधिकार वापरकर्त्याकडे राहू शकतो. बायोसमधील एकमेव सेक्टरची अडचण मात्र मूळ रचनेतलीच आहे.

खरी हानी होते ती सरमिसळीने. बायोस-पद्धतीने सुरू झालेला ग्रब यूईएफआय-पद्धतीने बसवलेल्या विंडोजला सुरू करू शकत नाही. स्थापनेचा पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू होतो, सामान्यतः त्याच पद्धतीने नवी प्रणाली बसते; म्हणून ही चूक नकळत घडते. यास्तव प्रयोगशाळेतील संगणकांसाठी यूईएफआय निवडावी, ती सर्व प्रणालींसाठी एकच ठेवावी आणि सिक्युअर बूटचा निर्णय सवयीने नव्हे, तर समजून घ्यावा.