पेरणाऱ्याचा दाखला आणि दुबार पेरणी

हा विषय ठरला तेव्हा आम्हाला पहिलाच प्रश्न विचारला गेला, की चर्चमधल्या प्रवचनाची समीक्षा करायची असते का? नाटकाची करतो, कवितेची करतो, कीर्तन ऐकून घरी येताना रस्त्याने बुवांची तर हमखास करतो. मग मिस्सेतल्या प्रवचनालाच सूट का? आम्ही म्हणजे जळगाव-धुळ्याकडची पाच-सहा कॅथलिक घरं. आज बोलणार एकच जण आहे, पण हे सगळ्यांनी मिळून बोलून ठरवलेलं आहे, म्हणून ‘आम्ही’. ज्या चर्चबद्दल आणि ज्या फादरांबद्दल बोलणार आहोत त्यांचं नाव घेणार नाही. माणूस भला आहे, आणि मुद्दा माणसाचा नाही.

तारीख मात्र सांगतो. 16 जुलै 2023, रविवार. मिस्सेतले पाठ तीन वर्षांच्या फेऱ्याने येतात, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल. त्या रविवारी काय काय आलं होतं पाहा. पहिला पाठ यशयाचा, पंचावन्नावा अध्याय. आकाशातून पडलेला पाऊस जमीन भिजवल्याशिवाय, पेरणाऱ्याला बी दिल्याशिवाय परत जात नाही, असा त्याचा आशय. मग पासष्टावं स्तोत्र, त्यात देव शेताच्या सऱ्या पाण्याने भरतो. पुढे पौलाच्या पत्रातला, सगळी सृष्टी कण्हते आहे असं सांगणारा भाग. आणि शुभवर्तमान मत्तयाचं, पेरणाऱ्याचा दाखला.

आणि बाकांवर कोण? त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता, आला तोही तुटक. आमच्यातल्या दोघांची सरकी उगवून करपली होती. तिसरे दुबार पेरणीसाठी उधारीवर बियाणं आणायला निघाले होते. बीटी कापसाचं एक पाकीट तेव्हा साडेआठशेच्या घरात. शुभवर्तमान वाचलं जात होतं तेव्हा चर्चमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. दोन हजार वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट कुणीतरी आपल्याच शेताच्या बांधावरून वाचतंय असं वाटत होतं.

मग प्रवचन सुरू झालं. सत्तावीस मिनिटं चाललं. सुरुवातीला परदेशातल्या एका कंपनीच्या मॅनेजरची गोष्ट, जी बहुधा छापील पुस्तकातली असावी. मग मन म्हणजे जमीन, मोबाईल म्हणजे काटे, टीव्ही म्हणजे पाखरं. शेवटी समोर बोट करून, ‘तुमच्यातले कित्येक जण खडकाळ जमीन आहात.’ पाऊस हा शब्द सत्तावीस मिनिटांत एकदाही आला नाही. चार पाठांपैकी दोन सरळ पावसावर होते, तरी नाही.

बाहेर आल्यावर आमच्यातले एक काका चपला शोधता शोधता म्हणाले, ‘खडकाळ तर खडकाळ. मी काय निवडून घेतली का ती?’

आम्हाला वाटतं, त्या प्रवचनावरची खरी समीक्षा एवढीच. बाकी आम्ही जे बोलू ते तिचं स्पष्टीकरण. काकांची जमीन सातपुड्याच्या पायथ्याची, मुरमाड, उताराची, कोरडवाहू. तापीकाठची काळी कसदार जमीन कुणाकडे आणि डोंगराकडेची बरड कुणाकडे, हे खानदेशात कुणी स्वतः ठरवलेलं नाही. ते जातीने, इतिहासाने, कर्जाने ठरवलं. अशा माणसासमोर ‘तू खडकाळ आहेस’ हे रूपक राहत नाही, तो टोमणा होतो. रूपक वापरणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या घरात त्या वस्तूचा भाव काय आहे हे माहीत असावं लागतं.

आता बायबलच्या बाजूनेही पाहू. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात आधी दाखला येतो, नऊ ओव्यांइतकाच म्हणा, छोटासा. त्याचा अर्थ नंतर, अठराव्या वचनापासून. उपासनेत फक्त पहिला, छोटा भाग वाचायचीही मुभा आहे. त्या छोट्या भागात जमिनीला कुणी रागावत नाही. पेरणारा वाटेवर टाकतो, खडकावर टाकतो, काट्यांत टाकतो. आमच्याकडे सरकी एकेक करून टोबतात, दाणा वाया गेला तर जीव हळहळतो, त्यामुळे आम्हाला तर तो पेरणारा पहिल्यांदा उधळ्याच वाटतो. पण मग विचार करा. ज्या जमिनीवर शहाणा शेतकरी एक दाणा टाकणार नाही, तिच्यावरही हा मूठ भरून टाकतो. काकांच्या बरडावरसुद्धा. हे सांगितलं असतं तर काका त्या दिवशी वेगळ्या चालीने घरी गेले असते. गोष्टीत ते होतं. प्रवचनाने ते झाकलं.

कुणी म्हणेल, तुमच्या अपेक्षा जास्त आहेत. असतील. पण रविवारी जमलेल्या लोकांसमोर धर्मग्रंथ उलगडायचा म्हणजे काय, याचा नमुना आमच्या धुळ्यानेच पाहिला आहे. 1932 साली, 21 फेब्रुवारी ते 19 जून, धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजींनी ते लिहून घेतलं म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे. (गुरुजींनी लिहिताना किती झाडपूस केली असेल, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो. आमचंही हे बोलणं तुम्ही नंतर वाचाल तेव्हा बरंच सरळ झालेलं असेल.) सांगायचा मुद्दा, विनोबा स्वतः कैदी होते. ऐकणारे जे खात होते तेच खात होते. म्हणून बोलता बोलता घरातले, शेतातले दाखले आपोआप येतात, वरून चिकटवलेले वाटत नाहीत.

आणि कॅथलिक परंपरेत हे नाही असंही नाही. फादर स्टीफन्स इंग्रज माणूस, 1579 मध्ये गोव्यात आला. नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांची जुनी पुराणं बंद झाली होती, त्यांना ऐकायला काही हवं होतं, तर या माणसाने ओवी शिकून घेतली आणि ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते 1616 साली छापलं गेलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली, त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी. आमच्याकडे मिस्सा मराठीत झाली हे खरं, पण बाकावर अहिराणी बसलेली असते, तावडी बसलेली असते, पावरी बसलेली असते. मंचावरून येते ती पुस्तकी मराठी. भाषा बदलली, ऐकणाऱ्याकडे पाहणं राहून गेलं.

फादरांच्या बाजूने बोलायला पाहिजे. नाशिक धर्मप्रांत 1987 मध्ये झाला, त्यात नाशिक, तेव्हाचा अहमदनगर, धुळे, जळगाव आणि पुढे वेगळा झालेला नंदुरबार. पसारा केवढा, बघा. एकेका फादराच्या वाट्याला कितीतरी गावं, एका रविवारी दोन-तीन मिस्सा, मधला प्रवास मोटारसायकलवर. कायदा म्हणतो, रविवारी प्रवचन टाळायचं नाही. तयारी कधी करायची? पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या आपल्या पत्रात कबूलच केलं होतं, की प्रवचन ऐकणाऱ्यांना त्रास होतो आणि देणाऱ्यांनाही. 2024 मध्ये तर त्यांनी आठ मिनिटांची मर्यादा सांगितली, नाहीतर लोक झोपतात म्हणाले. पण आमची तक्रार लांबीची नाही. आठ मिनिटांतही माणसाला खडकाळ म्हणता येतं.

आणि आमचाही दोष आहे. त्या दिवशी फादर दारात उभे होते, सगळ्यांशी हात मिळवत होते. आम्ही ‘छान झालं, फादर’ म्हणून निघालो. सगळेच म्हणालो. काकाही.

पुढच्या रविवारी, 23 जुलैला, गव्हाचा आणि निदणाचा दाखला होता. मधल्या आठवड्यात सर येऊन गेली होती. बायकांकडचे बाक निम्मे रिकामे. फादरांनी प्रवचनाचा कागद काढला, समोर पाहिलं आणि विचारलं, ‘बाया कुठे गेल्या सगळ्या?’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘निंदणीला, फादर.’ ते जरा थांबले. कागद घडी करून पुस्तकात ठेवला. मग म्हणाले, ‘कुणाच्या शेतात?’ लोक नावं सांगू लागले, एक जण मजुरीचा भाव सांगू लागला. प्रवचन अकरा मिनिटांत संपलं. घड्याळ आम्ही पाहिलं होतं.