रविवर्म्याची बाई
नांदेड-लातूरकडं घराघरांत रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती टांगलेल्या मी पाहिल्यात. त्याचं नाव झालं ते १८७३ साली, केसांत गजरा माळणाऱ्या तरुण नायर बाईच्या चित्रानं. मद्रासला सुवर्णपदक मिळालं. हाताचं कसब अस्सल, ते मी नाकारत नाही. पण मित्रांनो, तिच्या अंगावरचं वस्त्र बघा. याच त्रावणकोरात नाडार बायांना छाती झाकायला मार खाऊन लढावं लागलं. १८५९ च्या जाहीरनाम्यानं परवानगी मिळाली. तीही वरच्या जातींच्या बायांसारखं नेसायचं नाही, या अटीवर. पुढं चौदाच वर्षांनी हे चित्र. याला निव्वळ ‘भारतीय सौंदर्य’ कसं म्हणायचं? हे जातीनं राखून ठेवलेलं सौंदर्य आहे. चित्र वस्तीत जरूर दाखवा. पण १८५९ सांगून दाखवा.