तकरीर आणि गुफ्तगू : एका कामगार रेडिओच्या ध्वनिफिती

कामगार चळवळीचा इतिहास आपण बहुधा पुढाऱ्यांच्या भाषणांतून आणि ठरावांतून वाचतो. उर्दूच्या परिभाषेत सांगायचे तर तो तकरिरींचा इतिहास असतो; गुफ्तगू त्यात क्वचितच ऐकू येते. या दृष्टीने फ्रान्समधील ‘लोरेन कर दासिये’, म्हणजे ‘पोलादी हृदयाचे लोरेन’, या रेडिओच्या जतन झालेल्या ध्वनिफिती अभ्यासनीय ठरतात.

डिसेंबर १९७८ मध्ये फ्रेंच पोलाद उद्योगातील वीस हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर झाली. लाँवी या पोलादनगरीस तिचा मोठा फटका बसणार होता. ‘सेजेते’ या कामगार महासंघाने १७ मार्च १९७९ रोजी तेथे रेडिओ सुरू केला. प्रसारणावर सरकारची मक्तेदारी असल्याने तो बेकायदा होता आणि त्याच्या प्रसारणात सरकारने अडथळेही आणले. मार्सेल त्रिया आणि झाक द्युपाँ या पत्रकारांनी मात्र माईक सर्वांसाठी खुला ठेवला. श्रोत्यांनी दूरध्वनी करावा आणि वाटल्यास महासंघावरही टीका करावी, अशी मुभा होती. स्त्रिया, स्थलांतरित कामगार आणि विरोधी मताची माणसेही बोलली. हाच खुलेपणा महासंघाच्या नेतृत्वाला खुपला. १९८० च्या उन्हाळ्यात दोन्ही पत्रकारांना दूर करण्यात आले आणि जानेवारी १९८१ मध्ये प्रसारण थांबले.

पुढे २०१२ मध्ये याच महासंघाच्या ‘ला व्ही उव्रिएर’ या नियतकालिकाच्या वतीने निवडक ध्वनिमुद्रणांचा संच प्रसिद्ध झाला. ज्यांनी आवाज बंद केला त्यांच्याच घरातून तो परत आला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तरीही निवड म्हटली की लांबलेला वाद, अडखळणे, उत्तर न मिळालेला प्रश्न यांवर प्रथम कात्री चालते आणि गुफ्तगूची पुन्हा तकरीर होण्याचा धोका उभा राहतो. म्हणूनच इंग्रिड हेज या संशोधिकेने मूळ मुद्रणांच्या आधारे केलेला अभ्यास महत्त्वाचा वाटतो. खुल्या माईकपुढेही सर्वांना सारखी जागा मिळते का, हा प्रश्न मूळ फितींनाच विचारता येतो.

आपल्याकडे जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा कामगारांच्या हाती रेडिओ असणे कायद्यानेच शक्य नव्हते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी पुढे गिरणगावाच्या मुलाखती परिश्रमपूर्वक संकलित केल्या. त्या मोलाच्या आहेत, पण त्या आठवणी आहेत. निकाल ठाऊक झाल्यावर माणूस वेगळे बोलतो. लाँवीच्या फितींतील माणसाला आपण हरणार की जिंकणार हे ठाऊक नाही. त्याच्या बोलण्यात आशा आणि शंका एकत्र नांदतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हा पुरावा अन्यत्र सहजी मिळत नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांनी यातून एक पथ्य घ्यावे. विद्यार्थ्यांकडून वस्तीतील विडी कामगार, विणकर किंवा हमाल यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून घेताना उतारा ‘शुद्ध’ करण्याची घाई करू नये. मूळ मुद्रण, त्यातील मतभेदांसह, जसेच्या तसे जपावे. आपल्याला न पटणारा आवाजही त्या दप्तराचाच भाग आहे.