शास्त्र, करार, तारण : तीन शब्दांतून उपजणारे गैरसमज

ख्रिस्ती धर्मग्रंथ व ख्रिस्ती श्रद्धा यांविषयी लोकांत जे गैरसमज रूढ आहेत त्यांचे निरसन करणाऱ्या लहानमोठ्या पुस्तिका मराठीत आजवर पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो : आधी आक्षेप, मग उत्तर आणि उत्तराखाली अध्याय व वचनांचे आकडे. धर्मशिक्षकाच्या पिशवीत अशी एखादी पुस्तिका बहुधा असतेच व तिचा उपयोगही होतो. तथापि या प्रकारच्या लेखनात एक मोठी उणीव आम्हांस दिसते व तिची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आक्षेपकाच्या प्रश्नाला या पुस्तिका उत्तर देतात. परंतु ज्या शब्दामुळे तो प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला तो शब्द त्या तपासत नाहीत. पुष्कळदा तो शब्द मराठी बायबलातला व व्यासपीठावरून नित्य उच्चारला जाणारा असतो.

काही गैरसमज किरकोळ असतात. एदेन बागेतील फळ सफरचंद होते असे उत्पत्तीच्या पुस्तकात कोठेही म्हटलेले नाही. पूर्वेकडून आलेले ज्ञानी तीन होते किंवा ते राजे होते असे मत्तय सांगत नाही. मग्दालिया मरिया वेश्या होती असे चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. पोप ग्रेगरी यांच्या सन ५९१ मधील प्रवचनापासून ही समजूत पश्चिमेकडे दृढ झाली. असे गैरसमज एका वाक्यात दूर होतात. आम्हांस चिंता वाटते ती शब्दांच्या पोटात दडलेल्या गैरसमजांची.

भोपाळमधील बरखेडा येथे हा प्रश्न विशेष स्पष्टपणे पुढे येतो. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्स या कारखान्यामुळे (१९७४ पासून तो 'भेल'मध्ये विलीन झाला) या परिसरात देशाच्या नाना प्रांतांतील कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. अशा वसाहतीतील मराठी ख्रिस्ती मूल घरी 'जुना करार' म्हणते. प्रॉटेस्टंट उपासनेत हिंदी बायबल उघडले की त्याच ग्रंथाला 'पुराना नियम' म्हणतात, कॅथलिक हिंदीत 'पुराना विधान' म्हणतात, तर उर्दू बायबलात 'पुराना अहदनामा' असे शब्द येतात. करार, नियम, विधान, अहदनामा : एकाच ग्रंथाची चार नावे, आणि चारही नावांचे अर्थ भिन्न! महाराष्ट्रात राहणाऱ्यास जे सहसा जाणवत नाही ते तेथे जाणवल्यावाचून राहत नाही.

१. शास्त्र

आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर 'पवित्र शास्त्र' ही अक्षरे असतात. मराठीत 'शास्त्र' म्हणजे एक तर विधिनिषेधांचा संग्रह, जसे धर्मशास्त्र. किंवा पद्धतशीर ज्ञान, जसे भौतिकशास्त्र वा वनस्पतिशास्त्र. मराठी माणूस एखादी गोष्ट 'शास्त्रापुरती' करतो म्हणजे केवळ नावाला करतो, हा तिसरा अर्थ तर वेगळाच. अशा नावाचा ग्रंथ हाती घेणारा वाचक पहिल्याच पानावर सृष्टिविज्ञान शोधू लागला तर त्यास दोष कसा द्यावा? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पशू आधी व मनुष्य नंतर, तर दुसऱ्या अध्यायात मनुष्य आधी व पशू नंतर, हे पाहून तो विसंगतीचा आरोप करतो. शास्त्रात विसंगती हा दोष खराच. परंतु सृष्टी ही देवाची देणगी आहे व मनुष्य देवासमोर उत्तरदायी आहे, याची साक्ष देणारी ही दोन निवेदने शेजारी ठेवणाऱ्या संकलकांस तो क्रमभेद दिसत नव्हता असे मानण्याचे कारण नाही.

'बायबल' या शब्दाचे मूळ 'पुस्तके' या अर्थाच्या ग्रीक अनेकवचनात आहे. कॅथलिक परंपरेत ७३ व प्रॉटेस्टंट परंपरेत ६६ पुस्तकांचा हा संग्रह आहे. त्यात इतिहास, गीते, नीतिवचने, पत्रे व दृष्टांतकथा आहेत. या विविधतेची जाणीव 'शास्त्र' या शब्दात येत नाही.

भोपाळसारख्या शहरात यावर आणखी एक पुट चढते. इंजील हा येशूस दिला गेलेला ग्रंथ होय, अशी मुस्लिम बांधवांची श्रद्धा आहे. म्हणून कारखान्यातील सहकारी सरळ मनाने विचारतो, 'इंजील एक, मग तुमच्याकडे चार कशा?' हिंदू शेजारी वेदांच्या अपौरुषेयत्वाच्या मापाने विचारतो, 'तुमचा ग्रंथ माणसांनी लिहिला, मग तो देवाचा कसा?' दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांवर 'आमचाही ग्रंथ अक्षरशः वरून उतरला' असे भासवणारे उत्तर देणे म्हणजे आपली श्रद्धा सोडून दुसऱ्याच्या चौकटीत शिरणे होय. येशूने ग्रंथ लिहिला नाही व त्याच्या हाती ग्रंथ दिला गेला असेही ख्रिस्तसभा मानत नाही. शब्द देही झाला. ग्रंथ त्या देही झालेल्या शब्दाची साक्ष देतो आणि साक्षीदार चार असू शकतात. लूक तर आरंभीच सांगतो की आपण सर्व गोष्टींचा शोध घेऊन मग लिहावयास बसलो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या प्रकटीकरणविषयक संविधानातही पवित्र लेखकांना खरेखुरे लेखक मानले आहे.

ग्रंथात फेरफार झाल्याचा आरोप जुना आहे. १८५४ साली आग्र्यात मौलाना रहमतुल्ला कैरानवी व मिशनरी फांडर यांचा जाहीर वाद याच मुद्द्यावर झाला. येथे झाकाझाक कामाची नाही. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने आणि योहानातील व्यभिचारी स्त्रीची कथा चौथ्या शतकातील जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाहीत, हे धर्मशिक्षकाला ठाऊक असावे व त्याने ते शांतपणे सांगावे. हस्तलिखितांतील भेद उघडपणे नोंदवणारी परंपरा ग्रंथ लपवून बदलीत नाही, हे ऐकणाऱ्यास आपोआप कळते.

२. करार

घरभाड्याचा करार, नोकरीचा करार, कारखान्यातील वेतनकरार : मराठी माणसाच्या मनात या शब्दाभोवती अटी, मुदत व सही यांचे चित्र उभे राहते. मग जुन्या कराराची मुदत संपली व देवाने नवा केला, अशी सोपी समजूत होते. यहुदी लोकांशी देवाने नाते तोडले अशी घातक समजूतही तिच्यामागोमाग येते. रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात पौलाने ती स्पष्ट शब्दांत नाकारली आहे.

इब्री 'बेरीथ' या शब्दाचा गाभा उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात पाहावा. पशूंचे दोन भाग करून त्यांमधून दोन्ही पक्षांनी चालत जावे, हा त्या काळचा विधी. येथे अब्राम गाढ झोपेत पडला आहे आणि त्या भागांमधून धुराची भट्टी व जळती मशाल, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण, एकटीच जाते. एक पक्ष निजलेला असताना दुसऱ्याने स्वतःस बांधून घेणे, यास आपण करार म्हणू काय? सीनाय पर्वताशी लोकही वचन देतात हे खरे; परंतु तेथेही देवाने त्यांस आधी दास्यातून सोडविले आहे, आज्ञा नंतर दिल्या आहेत. ग्रीक भाषांतरकारांनी परस्पर-करारासाठी असलेला 'सिंथेके' हा शब्द टाळून 'दियाथेके' हा शब्द योजला. त्याचा एक अर्थ मृत्युपत्र असा होतो व इब्री लोकांस पत्राच्या ९ व्या अध्यायात तो अर्थ घेतलेलाही आहे. मृत्युपत्राने मिळते ते वारशाने मिळते. त्यासाठी घासाघीस करावी लागत नाही.

३. तारण

येथे अडचण सर्वांत मोठी आहे. संतवाङ्मयात रुळलेल्या मराठी कानाला 'तारणे' म्हणजे भवसागरातून पैलतीरी नेणे. 'तारू' म्हणजे नाव. हा अर्थ उत्तम आहे. परंतु व्यवहारात 'तारण' म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. पतपेढीच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' वाचून आलेल्या माणसाला 'येशूने तुमचे तारण केले' या वाक्यात काय ऐकू येत असेल, याचा विचार व्हावा. त्यातच मार्क १०:४५ मध्ये प्रचलित मराठी भाषांतर 'खंडणी' हा शब्द वापरते. पेशवाईच्या कागदपत्रांत खंडणी मांडलिकाकडून येत असे. आजच्या वृत्तपत्रांत ती गुंड उकळतात. करार, तारण, खंडणी हे तीन शब्द एकत्र आले की देव सावकार ठरतो, मनुष्य कर्जदार ठरतो आणि क्रूस म्हणजे वसुली ठरते.

ही खंडणी कोणास दिली, हा प्रश्न प्राचीन ख्रिस्तसभेतही विचारला गेला. न्यिसाचे ग्रेगरी सैतानास दिली असे म्हणत. नाझियान्झचे ग्रेगरी यांनी ते उत्तर धिक्कारले. 'ल्यूत्रोन' या ग्रीक शब्दामागे दास्यविमोचनाची कल्पना आहे, आणि इस्राएलाच्या सुटकेसाठी देवाने फारोला एक दमडीही दिली नव्हती. यशया ५२:३ मध्ये तर ही सुटका पैशावाचून होईल असेच म्हटले आहे. बुडणारा पेत्र ज्या क्रियापदाने येशूस हाक मारतो, त्याच क्रियापदाने येशू रक्तस्रावी स्त्रीला तिच्या विश्वासाचे फळ सांगतो; मराठीत मात्र एके ठिकाणी 'वाचव' व दुसरीकडे 'बरे केले' असे होते. पाण्यातून वर ओढणारा हात हे तारणाचे मूळ चित्र होय.

हा निव्वळ कोशातला वाद नाही. मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा अधिनियम झाला, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तो वैध ठरविला व २०२१ साली त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. बळ, फसवणूक व प्रलोभन यांनी घडविलेले धर्मांतर या कायद्यांनी निषिद्ध आहे. या कायद्यांची चर्चा वेगळी करावी लागेल. परंतु जेथे शेजारी आधीच साशंक आहे तेथे श्रद्धेची भाषा देवघेवीची असेल, 'हे स्वीकारा म्हणजे ते मिळेल' असा तिचा सूर असेल, तर त्याची शंका बळावते. देवाची कृपा मोबदल्यावाचून असते हे आपल्या श्रद्धेचे मर्म आहे. ते झाकले गेले तर नुकसान केवळ प्रतिष्ठेचे होत नाही, शुभवर्तमानाचेच होते.

मग हे शब्द टाकून द्यावेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. १८११ साली श्रीरामपुरास कॅरे यांचा मराठी नवा करार छापला गेला तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या या शब्दांनी प्रार्थना केली गेली आहे. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून सामान्य माणसाच्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले व त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांच्याइतके परिश्रम करण्याची तयारी असल्यावाचून नवे शब्द पाडण्याची घाई करू नये. धर्मशिक्षकाला त्यापूर्वी पुष्कळ करता येण्यासारखे आहे. 'करार' शब्द येईल त्या रविवारी अब्रामाच्या झोपेची गोष्ट सांगावी. 'तारण' म्हणताना गहाणखत नव्हे तर तारू डोळ्यांपुढे येईल असा दृष्टांत घ्यावा. 'खंडणी' हा शब्द स्पष्टीकरणावाचून वाचून दाखवू नये. हिंदी वा उर्दू भाषक शेजाऱ्याशी बोलताना त्याच्या बायबलातील शब्द आधी विचारून घ्यावा व दोन्ही शब्द समोरासमोर ठेवून मूळ अर्थाकडे वळावे. आक्षेपाला उत्तर देण्यापूर्वी 'या शब्दाने तुम्हांला काय कळले?' एवढे विचारण्याचा परिपाठ ठेवला, तर निम्मे वाद सुरू होण्याआधीच मिटतील, आणि उरलेले खऱ्या मतभेदाचे असतील. त्या खऱ्या मतभेदांवर शेजाऱ्याशी आदराने बोलता येते.