उंबरठा आणि विद्यापीठ : नाशिकच्या दोन आत्मकथा

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. ख्रिस्ती घरांतून तर हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या आपुलकीने वाचले गेले आहे. मात्र १९३४ साली त्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी लंडनमध्ये नाशिकच्याच आणखी एका ख्रिस्ती स्त्रीचे आत्मकथन छापले गेले, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. त्या पुस्तकाचे नाव 'इंडिया कॉलिंग' आणि लेखिका कॉर्नेलिया सोराबजी.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १८६६ सालचा, नाशिक शहरातला. लक्ष्मीबाईंचा १८६८ सालचा, नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरचा. आमच्या सातपूरच्या कारखान्यांपासून हे गाव फारसे दूर नाही. एकाच परिसरात दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या या दोघींपैकी एक मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. दुसरीने शाळेची पायरीही कधी चढली नाही. उतारवयात दोघींनी आपापल्या आयुष्याचा हिशेब मांडला. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर स्त्री आणि विद्यापीठ यांच्या नात्याविषयी ती जे सांगतात, ते एकेकटे वाचताना सहसा जाणवत नाही. प्रवेश मिळणे वेगळे आणि अधिकार मिळणे वेगळे, असे या जोड-वाचनातून आम्हांला दिसते.

प्रथम कॉर्नेलियाबाईंचे पाहू. त्यांचे वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले मिशनरी, तर आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालवलेली. घरात मुलींनी शिकावे की नाही, हा प्रश्नच नव्हता. पुणे विद्यापीठ त्या वेळी अस्तित्वात नव्हते. ते १९४९ साली स्थापन झाले. पुण्याचे डेक्कन कॉलेज मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते, आणि तेथे कॉर्नेलियाबाई ही एकटी मुलगी पुरुष विद्यार्थ्यांमध्ये बसून शिकली. पदवी परीक्षेत पहिला वर्ग मिळाला. त्या यशाबरोबर इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. ती नाकारली गेली. कारण एकच, परीक्षार्थी स्त्री होती.

पुढे इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही समावेश होता. १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८९२ साली कायद्याची बी.सी.एल. ही कठीण परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. परीक्षा देता आली, पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० साली प्रारंभ केला आणि कॉर्नेलियाबाईंच्या हाती ती पदवी १९२२ साली पडली. मधल्या तीस वर्षांत त्यांनी बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम या भागांत पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेची प्रकरणे हाताळली. १९०४ पासून त्या सरकारी सल्लागार होत्या. परंतु वकिलीचा व्यवसाय स्त्रियांना निःसंदिग्धपणे खुला करणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला. तोवर त्यांची विद्या मान्य होती, त्या विद्येचा अधिकार मान्य नव्हता.

'इंडिया कॉलिंग' वाचताना या अन्यायाविषयी लेखिका फार त्रागा करीत नाही, हे प्रथम लक्षात येते. तिचा स्वर संयत, विनोदी आणि काहीसा दरबारी आहे. पुस्तक इंग्रजीत, इंग्लंडच्या वाचकासाठी लिहिलेले आहे. ज्या स्त्रियांसाठी लेखिका राबली, त्यांच्यापैकी बहुतेकींना ते वाचता येणे शक्य नव्हते. साम्राज्यावरील तिची निष्ठा आणि राष्ट्रीय चळवळीविषयीचा तिचा विरोध आजच्या वाचकाला खटकतो, आणि तो खटकावा हेही योग्यच. तथापि त्या निष्ठेचे एक कारण तिच्या शिक्षणातच होते असे आम्हांला वाटते. ज्या विद्यापीठात ती एकटीच मुलगी होती, त्याने तिला ज्ञान दिले, परंतु सोबत दिली नाही. बरोबरीच्या मैत्रिणी नसलेली विद्या माणसाला उंच नेते आणि एकटे पाडते. कॉर्नेलियाबाई आपल्या लोकांपासून दुरावल्या, याचा दोष केवळ त्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

लक्ष्मीबाईंची वाट याच्या नेमकी उलट दिशेने गेली. माहेरी वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, अकराव्या वर्षी, १८८० साली, नारायण वामन टिळकांशी विवाह, आणि मग कवी पतीच्या लहरीनुसार गावोगाव फिरणारा संसार. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. अक्षरओळख झाली ती पतीच्या प्रोत्साहनाने, घरकामातून वेळ काढून. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पदरात लहान मूल असलेल्या या स्त्रीच्या वाट्याला काही वर्षांचा वियोग आला. १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला.

मराठी समीक्षेने 'स्मृतिचित्रे'ची स्तुती मुक्तकंठाने केली आहे. परंतु त्या स्तुतीतले शब्द पाहावेत: निर्व्याज, भोळे, सहज, घरगुती, प्रांजळ. हे शब्द खोटे नाहीत, पण ते अपुरे आहेत. पुरुषाने साधे लिहिले की आपण त्याला शैली म्हणतो. शाळेत न गेलेल्या स्त्रीने साधे लिहिले की त्याला स्वभाव म्हणतो. जणू विहिरीला जसे पाणी लागते तसे हे पुस्तक आपोआप लागले! लक्ष्मीबाईंनी ते विचारपूर्वक, काय सांगायचे आणि काय गाळायचे याचा निवाडा करून रचले, हे मान्य करण्यास आपले मन कचरते.

पुस्तकातले दोनच विषय पाहावेत. पहिला, टिळकांच्या उदारपणाचा. घरात पैसा टिकू नये, आल्यागेल्याला तो वाटला जावा, आणि चूल पेटवण्याची विवंचना मात्र पत्नीने करावी, असे प्रसंग लेखिका हसत हसत सांगते. वाचकही हसतो. परंतु त्या हसण्यात एक चोख हिशेब आहे. दानाचे पुण्य कोणाच्या नावावर जमा झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे ती एका शब्दाने तक्रार न करता दाखवते. हा भोळेपणा नव्हे, ही न्यायबुद्धी आहे. दुसरा विषय जातिभेदाचा. सोवळ्यात वाढलेली ही स्त्री स्वतःशीच वाद घालते आणि भेद देवाने केला नसून माणसाने केला आहे, अशा निष्कर्षाला येते. मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास ती मोकळी होते. येथे प्रश्न आहे, युक्तिवाद आहे, निष्कर्ष आहे आणि त्या निष्कर्षाप्रमाणे आचरणही आहे. विद्यापीठात ज्याला प्रबंध म्हणतात, त्याला याहून अधिक काय लागते? टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य ६४ अध्यायांची भर घालून पूर्ण करणारी हीच स्त्री, हेही विसरता येत नाही.

इंग्रजी भाषांतरांची शीर्षकेही बोलकी आहेत. १९५० साली ई. जोसेफाइन इंकस्टर यांनी केलेल्या भाषांतराचे नाव 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे 'मी मागून येते'. संत पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र आठवले, तर त्या नावाला ध्येयामागे धावण्याचा उदात्त अर्थही लावता येईल. तरी सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे पतीमागून चालणारी पत्नीच उभी राहते. २०१७ साली शांता गोखले यांचे समर्थ भाषांतर आले. त्याच्या उपशीर्षकातही ती 'स्पिरिटेड वाइफ', तेजस्वी का होईना, पत्नीच आहे. मूळ मराठी नावात पतीचा उल्लेख नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लक्ष्मीबाईंनी आपल्या पुस्तकाला आपल्या स्मृतीचे नाव दिले होते.

म्हणजे एकीला विद्यापीठाने आत घेतले आणि अधिकार रोखून धरला. दुसरीला विद्यापीठाने आत घेतलेच नाही. मागाहून तिचे पुस्तक तेवढे अभ्यासाला घेतले, आणि तेही बुद्धीचे काम म्हणून कमी, निसर्गाचा चमत्कार म्हणून अधिक. विषमतेची ही दोन रूपे दिसायला निराळी, पण मूळ एकच.

कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची कथा झाली, आज काय? आज चित्र पुष्कळ पालटले आहे, हे कृतज्ञतेने मान्य करावयास हवे. नाशिकच्या महाविद्यालयांचे ज्या पुणे विद्यापीठाशी दीर्घकाळचे नाते, त्याला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्चशिक्षण पाहणीनुसार देशातील ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांमध्ये २ कोटी ७ लाख मुली होत्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या. परंतु त्याच पाहणीत शिक्षकांच्या बाबतीत १०० पुरुषांमागे स्त्रिया ७७ आहेत. बाकावर बरोबरी आली. व्यासपीठावर यावयाची आहे. कॉर्नेलियाबाईंचा प्रश्न संपलेला नाही, एक पायरी वर सरकला आहे.

आणि लक्ष्मीबाईंचा? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षरता पुरुषांत ८८.३८ टक्के, तर स्त्रियांत ७५.८७ टक्के होती, आणि राज्यातील निम्म्याहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले. पाचांतील एकीहून अधिक! अकराव्या वर्षीचे लग्न गेले असेल, पण बारावीच्या आधीचे लग्न गेलेले नाही. २०२४ साली राज्य शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक गटांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु शुल्क माफ होते, घरकाम माफ होत नाही. वसतिगृहाची धास्ती आणि स्थळाची घाई माफ होत नाही.

सातपूरहून थोड्या अंतरावर, गंगापूर धरणाजवळ, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्यासाठीही या विद्यापीठाने पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमाची वाट काढली. लक्ष्मीबाईंना असे विद्यापीठ लाभले असते, तर जलालपूरच्या त्या मुलीला पदवीही मिळाली असती. या संस्थेचे ऋण मोठे आहे, म्हणूनच त्या ब्रीदावर थोडा विचार व्हावा. गंगा घरी आली हे उत्तम. पण ती घरी आली म्हणून मुलीने घराबाहेर पडू नये, असा सोयीचा अर्थ आपण काढतो की काय? मुलाला पुण्याच्या महाविद्यालयात धाडावयाचे आणि मुलीला 'घरी बसून होईल' म्हणून बाहेरून परीक्षेला बसवावयाचे, ही वाटणी विद्यापीठ करीत नाही. ती घरी जेवणाच्या पानावर होते.

येथे आपल्या ख्रिस्तसभेकडेही पाहावयास हवे. १६७८ साली पादुआ विद्यापीठात एलेना कोर्नारो पिस्कोपिया या कॅथलिक विदुषीला डॉक्टरेट मिळाली. तिला ती ईशज्ञानात हवी होती. तेथील बिशपांच्या विरोधामुळे ती तत्त्वज्ञानात देण्यात आली. दुसऱ्या बाजूने, अविलाची संत तेरेजा आणि सिएनाची संत कॅथरिन या विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या दोन स्त्रियांना १९७० साली पोप सहावे पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या पंडित म्हणून गौरविले. त्यापूर्वी त्या मालिकेत एकही स्त्री नव्हती. १९९५ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात, स्त्रियांच्या अवहेलनेत ख्रिस्तसभेच्या सभासदांचाही जो वाटा असेल, त्याबद्दल खेद व्यक्त केला. मातेला स्वतःचे वर्तन तपासण्यात कमीपणा वाटला नाही. मग तिच्या लेकरांना का वाटावा?

लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आणि मरिया यांची कथा आपण अनेकदा ऐकतो. मरिया प्रभूच्या चरणांशी बसली, म्हणजे त्या काळच्या भाषेत शिष्याच्या जागी बसली, आणि प्रभूने ती जागा तिच्याकडून काढून घेऊ दिली नाही. या कथेतील मार्थेचे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही. आपल्या घरांतील मुलगी मरिया व्हावी अशी प्रार्थना करावयाची आणि तिचे भाऊ बसून असताना सायंकाळी तिलाच मार्था करावयाचे, हे फार काळ चालणार नाही.

'स्मृतिचित्रे' आणि 'इंडिया कॉलिंग' ही दोन्ही पुस्तके धर्मग्रामाच्या वाचनालयात शेजारी शेजारी असावीत, आणि दुसऱ्याचे मराठी भाषांतर नसेल तेथे जाणत्यांनी त्याचा सारांश तरुणांना सांगावा, अशी आमची सूचना आहे. एक पुस्तक सांगते की दार उघडले तरी आसन मागावे लागते. दुसरे सांगते की दार बंद असले तरी बुद्धी थांबत नाही. परंतु बुद्धी थांबत नाही म्हणून दार बंद ठेवण्याचा परवाना कोणास मिळत नाही. लक्ष्मीबाई शाळेवाचून मोठ्या झाल्या, हे त्यांचे श्रेय आहे. त्यांना शाळेवाचून राहावे लागले, हे आपले देणे आहे, आणि ते फेडावयाचे तर ते पुढच्या लेकींनाच फेडता येईल.