डावा कौल

राजकीय श्रद्धेविषयी लिहिताना ‘लोक भोळे असतात’ असे म्हणून आपण मोकळे होतो. इतिहासकार शाहिद अमीन तसे मोकळे होत नाहीत. ‘सबाल्टर्न स्टडीज’च्या तिसऱ्या खंडात, १९८४ साली, त्यांचा गोरखपूर जिल्ह्यावरचा निबंध आला. ८ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधी गोरखपूरला आले आणि सभा घेऊन त्याच दिवशी परतले. मागे चमत्कारांच्या कथा गावोगाव पसरल्या. ‘स्वदेश’ या तिथल्या हिंदी साप्ताहिकाने त्या छापल्या.

यातल्या कित्येक कथांत माणूस आधी परीक्षा घेतो. माझी उसाच्या रसाची कढई फुटली तर महात्माजींना मानीन, असे एक जण म्हणतो, कढई फुटते. म्हणजे हे शेतकरी ऐकलेले तसेच गिळत नव्हते, प्रचीती मागत होते. काँग्रेसने सांगितलेला गांधी बाजूला ठेवून त्यांनी साधू, व्रत, नवस यांच्या ओळखीच्या भाषेत स्वतःचा गांधी घडवला, हे अमीन यांनी फार बारकाईने दाखवले आहे.

माझा मतभेद इथून पुढे आहे. अमीन प्रामुख्याने कथेचा अर्थ विचारतात; परीक्षा खरी होती का, हा प्रश्न त्यांच्या मांडणीत मागे पडतो. कोकणातल्या देवळात कौल लावतात तेव्हा प्रसाद उजवा पडतो, तसा डावाही पडतो. डावा पडला की मनातला बेत अडतो. कढईच्या परीक्षेला डावी बाजूच नाही. फुटलेल्या कढईची कथा होते आणि ती छापली जाते. न फुटलेली कढई कोण सांगत बसणार? सत्य आणि विश्वास यांतली रेषा मला इथे दिसते. पुरावा दोघेही मागतात. नकार ऐकायची तयारी मात्र एकाचीच असते.

ही केवळ तात्त्विक बाब नाही. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी त्याच जिल्ह्यात, चौरीचौरा येथे, गांधींचा जयजयकार करणाऱ्या जमावाने पोलीस ठाणे पेटवले. पोलीस मारले गेले. गांधींनी आंदोलन थांबवले. सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने १९ जणांची कायम केली. ज्याच्या नावाने जमाव चालून गेला, त्याचाच कौल डावा पडला. ‘स्वदेश’मधल्या कथांनी या नकाराची सवय कोणाला लावली नव्हती.

आपली वृत्तपत्रे निवडणुकीच्या निकालाला आजही ‘जनतेचा कौल’ म्हणतात. शब्द नेमका आहे. पण आपला पक्ष हरल्यावर मतदारच चुकला असे म्हणणारा आणि जिंकल्यावर त्याच मतदाराला सुज्ञ ठरवणारा सुशिक्षित वाचक त्या कढईवाल्याच्या पुढे गेलेला नाही. कढईवाल्याने निदान आपली अट आधी, चारचौघांत सांगितली होती.